२४ हजारांचा डॉक: दीड वर्ष वापरून सांगतो

दीड वर्षापूर्वी थंडरबोल्ट ४ (टाइप-सी आकाराचंच, पण वेगवान कनेक्शन) वाला डॉक घेतला, म्हणजे लॅपटॉपला एकाच केबलने मॉनिटर, लॅन, कीबोर्ड जोडणारा डबा, २४ हजारांना. घरच्यांनी वेड्यात काढलं, कारण लॅमिंग्टन रोडवरून आणलेला १८०० चा हब (जास्तीचे पोर्ट देणारी छोटी डबी) होताच की. पण त्या हबला ४के मॉनिटर लावला की माउस अडखळायचा, स्क्रोल करताना अक्षरं फरफटल्यासारखी दिसायची आणि संध्याकाळपर्यंत डोळे चुरचुरायचे. मला वाटलं मॉनिटरच गंडलाय, परत द्यायला निघालो होतो, मग सेटिंग उघडून बघितलं तर ३० हर्ट्झ, म्हणजे चित्र सेकंदाला फक्त ३० वेळा बदलतं! स्वस्त हबांत हे सर्रास असतं, बॉक्सवर मोठ्ठं ४के लिहितात आणि हर्ट्झचं नावच नाही. घेताना ४के ६० हर्ट्झ असं स्पष्ट लिहिलंय का ते बघाच.

आता सकाळी एक केबल खोचली की दोन्ही ४के मॉनिटर, लॅन, कीबोर्ड, चार्जिंग सगळं सुरू. ४० जीबीपीएसची (सेकंदाला ४० गिगाबिट डेटा नेणारी) लाइन आहे, त्यामुळे बाहेरच्या एसएसडीवर मोठा बॅकअप चालू असला तरी स्क्रीन अडकत नाही. साध्या हबमध्ये सगळे पोर्ट ५ नाहीतर १० जीबीपीएस वाटून घेतात, शिवाय चार्जरचे थोडे वॅट हब स्वतःच खातो. दोन मॉनिटरवर दिवसभर काम असेल तर माझ्या मते पैसे वसूल आहेत, मला तरी झाले.

पण सरसकट घेऊ नका. बहिणीकडे एम१ मॅकबुक एअर आहे, माझं बघून ती पण हाच घेणार होती, मी थांबवलं. त्या लॅपटॉपला बाहेरचा एकच मॉनिटर चालतो, डॉक कितीही भारी घ्या, दुसरा हवा तर डिस्प्लेलिंकवाला (सॉफ्टवेअरच्या मदतीने यूएसबीवरून चित्र पाठवणारा) डॉक घेऊन त्याचा ड्रायव्हर टाकावा लागतो. तिने ६० हर्ट्झवाला हब घेतला साडेतीन हजारात, मस्त चाललंय. विंडोजवाल्यांनी आधी टाइप-सी पोर्टशेजारी थंडरबोल्टची, म्हणजे कडाडणाऱ्या विजेची खूण आहे का ते बघा, काही लॅपटॉपचा टाइप-सी नुसता डेटापुरता असतो, तिथे हा डॉक लावून मॉनिटर चालणारच नाही.

एक गोष्ट मात्र खटकते, सोबतची केबल जेमतेम पाऊण मीटर आहे. लांब हवी म्हणून मोबाईलची टाइप-सी लावून बघितली तर चार्जिंग झालं, मॉनिटर दोन्ही काळे. शेवटी वेगळी थंडरबोल्ट केबल घ्यावीच लागली, तेव्हा बजेटमध्ये तिचे पैसे आधीच धरा.