नव्वद हजारांची स्पीकर केबल आणि तिच्यामागचा पुरावा

अॅम्प्लिफायर आणि स्पीकर जोडणारी केबल महाग घेतली की आवाज खरोखर सुधारतो का, हा जुना वाद आहे. तीन मीटर लांबीच्या जोडीला 90,000 रुपये किंमत असलेली एक परदेशी स्पीकर केबल डीलरने ऐकून पाहण्यासाठी दिली, म्हणून हे परीक्षण लिहिता आले. तुलनेसाठी विजेच्या दुकानात मिळणारी 2.5 चौरस मिलिमीटरची, दोन कोरची, तांब्याची साधी मल्टिस्ट्रँड वायर घेतली. दोन्ही स्पीकरना पुरेल एवढी वायर आणि चांगले बनाना प्लग (वायरच्या टोकांना लावायचे, टर्मिनलमध्ये खोचायचे प्लग) यांचा खर्च दोन हजारांच्या आत बसतो.

महाग केबलची घडण उत्तम आहे, हे निःसंकोच सांगायला हवे. तिचे विणीचे आवरण मजबूत आहे, सोन्याचा मुलामा दिलेले प्लग टर्मिनलमध्ये घट्ट बसतात आणि कितीही वेळा काढले-घातले तरी सैल होत नाहीत. आवरणावर मात्र सिग्नलची दिशा दाखवणारा एक बाण छापला आहे, आणि तिथेच शंकेला सुरुवात होते. ज्या केबलचे शील्ड (बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणारे धातूचे वेष्टण) एकाच टोकाला जोडलेले असते तिथे अशा बाणाला काही अर्थ असू शकतो. परंतु स्पीकरकडे जाणारा प्रवाह सेकंदाला शेकडो-हजारो वेळा दिशा बदलतो, त्यामुळे शील्ड नसलेल्या या केबलला सुलटी आणि उलटी बाजू असण्याचे काही कारणच नाही. माहितीपत्रकात अतिशुद्ध तांब्याबद्दल आणि ‘मोकळ्या’ आवाजाबद्दल पुष्कळ लिहिले आहे, पण मोजमापाचा एकही आकडा दिलेला नाही. एवढी किंमत घेणाऱ्या उत्पादकाने निदान रोध, कपॅसिटन्स आणि इंडक्टन्स हे सिग्नलवर परिणाम करणारे विद्युत गुणधर्म तरी सांगावेत, ही अपेक्षा गैर नाही.

केबल डोळ्यांसमोर असताना ऐकणाऱ्या आम्हा सगळ्यांनाच तानपुऱ्याची जवारी अधिक उलगडलेली आणि तबल्याची चाट अधिक स्वच्छ वाटली. त्यानंतर अॅम्प्लिफायरपुढे पडदा लावला, कोणती केबल जोडायची ते नाणे उडवून ठरवले, आणि जोडणाऱ्याने ऐकणाऱ्यांशी बोलायचे नाही असा नियम केला. स्पीकरच्या टर्मिनलवरचे व्होल्टेज मल्टिमीटरने मोजून दोन्ही केबल्सची पातळी सारखी असल्याची खात्रीही करून घेतली, कारण किंचित मोठा आवाज माणसाला मोठा न वाटता ‘चांगला’ वाटतो आणि या वादातील कितीतरी फसगती तिथूनच सुरू होतात. पडद्याआडची केबल ओळखण्यात कोणालाही नुसत्या अंदाजापेक्षा अधिक यश मिळाले नाही.

घरगुती चाचणीवरून सिद्धांत मांडता येत नाही, म्हणून प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांकडे पाहावे लागते. त्यांपैकी 1983 साली अमेरिकेतील ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ या मासिकाने घेतलेली चाचणी मला सर्वांत बोलकी वाटते. सुमारे 30 फूट लांबीच्या 24 गेजच्या (गेजचा आकडा जितका मोठा तितकी वायर बारीक) बारीक वायरमधला आणि जाड केबलमधला फरक पिंक नॉइझ, म्हणजे सर्व पट्ट्यांतील स्वर एकत्र असलेला सळसळता चाचणी-आवाज, वाजवल्यावर श्रोत्यांना ओळखता आला. संगीत लावून 16 गेजची साधी वायर आणि त्या काळची महाग केबल यांची तुलना केली, तेव्हा मात्र तो ओळखता आला नाही. ‘डोळे झाकून ऐकताना मनावर ताण येतो, त्यामुळे सूक्ष्म फरक निसटतात’ हा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्या आक्षेपाचे उत्तर याच चाचणीत आहे: जिथे खरोखर फरक होता, तिथे याच पद्धतीने तो पकडला.

याउलट 2007 सालच्या ज्या प्रकरणाचा दाखला केबलविरोधक हमखास देतात, त्याला मी फारसे वजन देणार नाही. अलौकिक दाव्यांची परीक्षा घेणारे अमेरिकेतील जादूगार जेम्स रँडी यांनी 7,250 डॉलर किमतीची ‘पेअर अंजू’ केबल आणि साधी केबल यांतला फरक ओळखून दाखवणाऱ्याला दहा लाख डॉलर देऊ केले होते. केबल बनवणाऱ्या कंपनीने अंग काढून घेतले आणि परीक्षा झालीच नाही. न झालेली परीक्षा कोणत्याच बाजूचा पुरावा ठरू शकत नाही.

या निकालांमागचे कारण गूढ नाही. 2.5 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरला सुमारे आठ मिलीओहम असतो. तीन मीटर जाऊन-येऊन तो पन्नास मिलीओहमच्या आत राहतो, आणि आठ ओहमच्या स्पीकरवर त्यामुळे आवाजाच्या पातळीत होणारी घट सुमारे 0.05 डेसिबल एवढी असते, जी कोणत्याही कानाच्या आवाक्याबाहेरची आहे. मासिकाच्या चाचणीतील 24 गेजच्या वायरचा रोध मात्र दीड ओहमच्या आसपास जातो आणि घट दीड डेसिबलच्या जवळ पोहोचते. म्हणूनच ती ऐकू आली. केबलमध्ये 20 किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी कित्येक किलोमीटर असते, त्यामुळे लाटा केबलच्या टोकावरून परतून आवाज बिघडवतात हा युक्तिवाद तीन मीटरच्या केबलला लागू होत नाही.

केबलने काहीच फरक पडत नाही, असे म्हणणेही तितकेच चुकीचे आहे. टर्नटेबलवर मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज (सुईच्या हालचालीचे चुंबकाच्या साहाय्याने सिग्नलमध्ये रूपांतर करणारा भाग) असेल, तर केबलचा कपॅसिटन्स वरच्या पट्टीतील स्वरांचा तोल ऐकू येईल इतका बदलू शकतो. उपकरणांना जोडणाऱ्या लांबलचक अनबॅलन्स्ड केबलमधून (जिच्यात सिग्नलची एकच तार आणि शील्ड असते) हम, म्हणजे विजेच्या पुरवठ्याचा गुणगुणाट, शिरतो. स्पीकर दहा-पंधरा मीटर दूर असतील तर वायर जाड घेतलीच पाहिजे. मात्र या प्रत्येक बाबतीत योग्य केबल मोजमापावरून निवडता येते आणि ती महाग असावी लागत नाही.

त्यामुळे घडणीसाठी या केबलला मी पूर्ण गुण देतो, परंतु आवाजासाठी ती घेण्याची शिफारस करणार नाही. देखणी आणि टिकाऊ वस्तू म्हणून कोणी ती घेतली तर तो त्याच्या आवडीचा प्रश्न आहे. पण डीलर जेव्हा तीच केबल मध्यम दर्जाच्या स्पीकरवरचा उपाय म्हणून पुढे करतो, तेव्हा ग्राहकाचे खरे नुकसान होते. कारण तेवढ्याच रकमेत वरच्या श्रेणीचे स्पीकर येतात, उघड्या भिंतींवर ध्वनिशोषक पॅनेल लावता येतात, आणि या दोन्हींचा परिणाम पडद्याआडूनही सहज ओळखता येतो. डेमो मागताना साध्या 2.5 चौरस मिलिमीटरच्या वायरशी, न पाहता, तुलना करून देण्याची अट घालावी. डीलर तयार झाला नाही, तर खरेदी पुढे ढकलावी.