गिरगावातील बाइंडिंगचे दुकान : सरांच्या वह्या

पुरातत्त्वातील माझे गुरू, आणि पुढे मित्रच झालेले सर, गेल्या वर्षी गेले. कान्हेरीच्या लेण्यांतील पाण्याची टाकी, ज्यांना तिथले ब्राह्मी लेख ‘पोढी’ म्हणतात, त्यांची मोजमापे भरलेल्या त्यांच्या सहा वह्या मी इथे बांधायला दिल्या. कडा कापल्या तर समासातील पेन्सिलीच्या नोंदी जातील, हे मी सांगण्याआधीच कारागिराने ओळखले आणि कटिंग टाळून जुन्या पद्धतीने दोऱ्याची शिलाई घातली. एका पानावरचा सरांच्या अंगठ्याचा मातकट ठसाही त्याने पुसला नाही. कापडी पुठ्ठा भक्कम आहे. मात्र काम तीन आठवडे उशिरा मिळाले, आणि पाठीवर ‘कान्हेरी’चे ‘कन्हेरी’ झाले, जे सरांनी लाल शाईने लगेच दुरुस्त केले असते.