नाशिकहून कालवं खायला जायचं तर केळवे की अलिबाग?

दिवाळी झाली की आमच्या घरात एक विषय दरवर्षी निघतो: यंदा कालवं (ऑयस्टर) खायला कुठे उतरायचं? घाट उतरायलाच लागतो, हे मी आता मान्य केलं आहे. भद्रकालीच्या बाजारात समुद्राची मासळी येते, पापलेट-सुरमई बर्फातून येऊनही चांगली लागते. शिंपल्यातून काढलेल्या कालवाला मात्र तो प्रवास मानवत नाही, आणि त्याचं कारण पुढे येईलच. रत्नागिरी-मालवणची कालवं उत्तम, पण तिथे जायचं म्हणजे चार दिवसांची रजा हवी. शनिवार-रविवारात बसणाऱ्या दोनच जागा उरतात. एक, त्र्यंबक-जव्हारवरून खाली पालघरकडे केळवे-माहीम. दुसरी, भिवंडी-पनवेल ओलांडून अलिबाग. दोन्हीकडे मी तीन-चार वेळा जाऊन आलो आहे.

अलिबागची बाजू आधी सांगतो, कारण बहुतेक नाशिककरांच्या मनात तेच नाव पहिलं येतं आणि ते चुकीचं नाही. राहायला जागा भरपूर, जेवणाच्या खानावळी भरपूर, घरातल्या शाकाहारी माणसाचीही सोय होते. ओहोटीला कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं, मुलं खूश असतात. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून कसारा घाटातली रखडपट्टीही टाळता येते. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट रो-रो बोटीने जाता येतं, पण त्यासाठी आधी मुंबईत शिरावं लागतं, म्हणून नाशिकहून निघणाऱ्याला त्याचा फायदा मला तरी फारसा दिसला नाही. एकूण अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे. मला कधी पाच तास लागले, कधी साडेसहा.

केळव्याचा रस्ता दीडशे-एकशेसाठ किलोमीटरचा. तोरंगण घाट, मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर, पालघर. काही ठिकाणी रस्ता अरुंद आहे, वळणं बरीच आहेत, ज्यांना गाडी लागते त्यांनी समोर बसावं. पण वाहतूक कमी आणि वेळेचा अंदाज चुकत नाही. पहाटे निघालो की चार तासांत मी पोचतोच. गाव साधं. सुरूची बाग, शीतलादेवीचं देऊळ, पानवेलीचे मळे, आणि घरगुती जेवण देणारी घरं. दोन दिवस मुलांना रमवायला अलिबागइतकं इथे काही नाही, हे कबूल.

आता मुद्द्याची गोष्ट. अलिबागच्या बाजूला एका खानावळीत आम्ही दुपारी एकच्या सुमारास बसलो होतो. कालवं मागवली. ताटात आली ती पांढरी, टपोरी, दिसायला अगदी देखणी. तोंडात टाकली तर चव नाही. मीठ होतं ते मसाल्याचं. रस्सा पातळ, आणि कालव दाताखाली येण्याआधीच विरघळल्यासारखं. मालक भला माणूस होता, त्याने स्वतःहून आत नेऊन दाखवलं: सकाळी आलेली कालवं पातेल्यात गोड्या पाण्यात ठेवलेली, वर बर्फ. त्याच्या हिशेबाने त्याने ती जपूनच ठेवली होती. पण कालव खाऱ्या पाण्यातला जीव. गोड्या पाण्यात टाकलं की ते पाणी पितं, फुगतं आणि आपला खारटपणा सोडून देतं. कढईत पडलं की प्यालेलं सगळं पाणी ओकतं, निम्मं होतं, आणि मसाला पातळ करून ठेवतं. नाशकात बर्फातून येणाऱ्या पिशवीतही हेच होतं, कारण वितळलेलं बर्फ म्हणजे गोडं पाणीच.

एकदा झालं असतं तर सोडून दिलं असतं. पण वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या वर्षी, अलिबागकडे दुपारी पोचून खाल्लेली कालवं मला दोनदा आणखी अशीच मिळाली. दोष तिथल्या समुद्राचा नाही, बनवणाऱ्यांचाही म्हणवत नाही. दोष माझ्या पोचण्याच्या वेळेचा होता, आणि नाशिकहून सकाळी निघणाऱ्या कोणाचीही तीच वेळ असणार.

कालवं काढतात ती ओहोटीला, आणि ओहोटीची वेळ पंचांगावरून काढता येते. किनाऱ्यावरची जुनी माणसं तिथीची पाऊणपट करतात: द्वितीया असेल तर दोनाचे पाऊणपट दीड, म्हणजे दुपारी दीडच्या सुमारास पूर्ण भरती. त्यातून सहा तास वजा केले की ओहोटी सकाळी साडेसातला. थोडं मागेपुढे होतं, पण एवढा हिशेब पुरतो. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या दोन-तीन दिवसांत उधाण असतं, तेव्हा पाणी लांबवर मागे जातं आणि एरवी बुडालेले खडक उघडे पडतात. बायका त्या दोन-तीन तासांत कालवं फोडून घेतात. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी, पाणी पुरेसं ओसरतच नाही, त्या दिवसांत ताज्या कालवांची आशा धरू नये.

म्हणजे उधाणाच्या दिवशी कालवं बाहेर येतात साडेनऊ-दहाला. केळव्याला मी त्याच वेळी पोचतो. अलिबागला पोचेपर्यंत अकरा-साडेअकरा, पुढे जेवायला बसेपर्यंत एक. मधले तीन तास कालवं कुठल्या पाण्यात असतील ते आपल्या हातात नाही. अलिबागला आदल्या रात्री मुक्काम केला तर ही अडचण राहत नाही, आणि एका वर्षी आम्ही तसं केलं तेव्हा सकाळी घेऊन शिजवायला दिलेली कालवं सुरेख लागली होती. ज्यांना मुक्काम करायचाच आहे त्यांनी माझं फार मनावर घेऊ नये.

केळव्याला पहिल्यांदा कालवं घेतली तेव्हा मी सवयीने डबा नळाखाली धरायला निघालो होतो. विकणाऱ्या मावशींनी हात धरला. म्हणाल्या, “भाऊ, धुवायची नाय, नुसती निथळायची. कच वाटली तर ह्याच पाण्यात हलवून घ्या.” डब्यातलं पाणी गढूळसर दुधाळ होतं, कालवं राखाडी, कडेला काळी झालर. दिसायला अलिबागच्या ताटातल्यांपुढे काहीच नाही. जिथे जेवणार होतो त्या घरी ती हिरव्या वाटणात, हळद आणि दोन आमसुलं घालून केली, झाकण न ठेवता, मोजून काही मिनिटं. तांदळाच्या भाकरीबरोबर खाल्ली. आधी खारं लागतं, मग किंचित गोडसर, आणि शेवटी जिभेवर लोखंडासारखं काहीतरी राहतं. ती शेवटची चव मला अलिबागला फक्त त्या मुक्कामाच्या सकाळी मिळाली.

मसाल्याचं म्हणाल तर अलिबागकडे मला भाजक्या खोबऱ्याचं वाटण जास्त मिळालं, रस्सा दाट, भाताबरोबर छान. ज्यांना कालवाचा वास नकोसा होतो त्यांना तोच प्रकार आवडेल. आपला नाशिकचा काळा मसाला मात्र कालवाला लावू नये. मी एकदा घरी लावून पाहिला, मसालाच खाल्ला.

कच्ची कुठेच खाऊ नका. कालव पाणी गाळून त्यातलं अन्न घेतं, त्यामुळे खाडीत जे येतं ते त्याच्या पोटात जातं, आणि आपल्याकडे विकण्याआधी स्वच्छ पाण्यात ठेवून ती शुद्ध करून घेण्याची पद्धत रुळलेली नाही. पावसाळ्यात तर शिजवूनही टाळतो. खाडीत गोडं पाणी आणि गाळ उतरतो, चवही जाते. कार्तिक ते फाल्गुन हे महिने धरा.

घरी आणायची असतील तर स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा न्या. कालवं त्यांच्याच पाण्यात भरा, डबा बर्फात पुरा, बर्फाचा थेंब आत जाऊ देऊ नका, आणि त्याच रात्री शिजवा. केळव्याहून बारा वाजता निघालो तर चार-साडेचारला आम्ही नाशकात असतो. अलिबागहून हे करून पाहायचं धाडस मी केलेलं नाही.

यंदा पौष पौर्णिमेनंतरची द्वितीया किंवा तृतीया सुट्टीच्या दिवशी येते का, ते पंचांगात पाहा. येत असेल तर पहाटे साडेपाचला त्र्यंबक नाका सोडा, जव्हारला चहा घ्या, आणि केळव्याला जेवण सांगताना आदल्या दिवशीच फोनवर म्हणा की कालवं आम्ही आल्यावर, आमच्यासमोर कढईत टाका.