ट्रॅव्हलरमधला पलंग: सांगाडा चांगला, पाय कच्चे

फोर्स ट्रॅव्हलर ३३५० या व्हॅनची मागची सीट काढून तिथे बसवलेला कायमचा पलंग. लांबी १९०० मिमी, रुंदी १२२० मिमी, गाडीच्या फ्लोअरपासून उंची ७०० मिमी, खाली सामान. नागपूरच्या हिंगणा एमआयडीसी भागातल्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपने हे काम करून दिलं आहे. हात बसलेला कारागीर आहे, हे पाहताक्षणी कळतं. वेल्ड सलग आहेत, छऱ्या (वेल्डिंगचे उडून चिकटलेले थेंब) घासून काढलेल्या आहेत, दोन्ही कर्ण मोजले तर फरक २ मिमीच्या आत आहे, म्हणजे चौकट काटकोनात आहे. तरी दिला तसा हा पलंग घेऊन पचमढीच्या घाटात जाऊ नये. आधी दोन-तीन बदल करून घ्यावेच लागतील.

१२२० मिमी ही रुंदी अचूक निवडली आहे. प्लायची शीट ८ बाय ४ फुटांची, म्हणजे २४४० बाय १२२० मिमीची येते, त्यामुळे पूर्ण पलंग एकाच शीटमध्ये निघतो आणि वर अर्धा मीटर तुकडा उरतो. १३०० मिमीचा हट्ट धरला की दुसरी शीट घ्यावी लागते आणि मधोमध जोड येतो. पाय सहा आहेत, बाजूला तीन-तीन. चाकाच्या कमानीपाशी येणारा पाय कमानीच्या पत्र्यावर न टेकवता पुढे सरकवून थेट फ्लोअरवर उतरवला आहे. घाईत काम करणारा माणूस हे करत नाही.

आता आडव्या पट्ट्यांकडे या. सात पट्ट्या आहेत, साधारण ३१७ मिमी अंतरावर. सगळ्या २५ बाय २५ च्या चौकोनी नळीच्या, १६ गेजच्या, म्हणजे १.६ मिमी जाडीच्या. झोपलेल्या माणसाचं वजन पाच-सहा पट्ट्यांवर वाटलं जातं, तेव्हा काही होत नाही. पण पलंगावर चढताना सगळा भार एका गुडघ्यावर येतो. ७५ किलो वजन एकाच पट्टीच्या मध्यावर आलं तर १२२० मिमीच्या अंतरात ही नळी हिशोबाने सुमारे १० मिमी दबते. वरचा प्लाय थोडा भार शेजारच्या पट्ट्यांवर ढकलतो, म्हणून प्रत्यक्षात कमी दबेल. पण रोज दबून परत वर येण्याचा ताण टोकाच्या वेल्डवर जातो आणि चीर तिथूनच सुरू होते.

उपाय सोपा आहे. ५० बाय २५ ची २ मिमी नळी घ्या आणि उभी लावा, म्हणजे ५० ची बाजू वर-खाली येईल. तोच भार, तेच अंतर, आणि नळी दबते फक्त दीड मिमीच्या आसपास. बळ नळीच्या उंचीतून येतं. तीच नळी आडवी टाकली तर निम्म्याहून जास्त फायदा गेला म्हणून समजा. लांबीच्या दोन पट्ट्याही त्याच मापाच्या घ्याव्यात, म्हणजे वरची पातळी एक राहते. सगळं मिळून वजन बारा-तेरा किलोंनी वाढतं. एवढं वजन खुशाल वाढू द्या.

माल इतवारीच्या लोहा ओळीतून स्वतः आणणार असाल तर २० फुटी नळीचा हिशोब असा: ५० बाय २५ च्या दोन पूर्ण नळ्या आणि वर चार फुटांचा एक तुकडा. प्रत्येक नळीतून १९०० ची एक आणि ११७० च्या (१२२० मधून दोन्ही बाजूंच्या नळ्यांचे २५-२५ वजा) तीन पट्ट्या निघतात, सातवी त्या तुकड्यातून. पाय आणि खालचे जोड यांसाठी २५ बाय २५ च्या दोन नळ्या. माल घेताना वजन करा. २५ बाय २५ ची २ मिमी नळी २० फुटांना साडेआठ किलोंच्या आसपास भरते, १६ गेजची सात. त्याहूनही हलकी भरली तर ती १८ गेज, म्हणजे आणखी पातळ आहे, परत करा. काम ठोक भावात, म्हणजे सगळं मिळून एका ठरलेल्या रकमेत दिलं असेल तर हे वजन हमखास पाहावं, कारण ठोक भावात पहिली बचत गेजमध्येच होते.

सगळ्यात मोठा दोष पायांशी आहे. पायाखाली ७५ बाय ७५ च्या प्लेटी आहेत, पण त्या फ्लोअरला सेल्फ टॅपिंग स्क्रूने जोडल्या आहेत. फ्लोअरचा पत्रा पातळ असतो. स्क्रूचे एक-दोनच आटे त्यात पकडतात आणि हादऱ्यांनी भोक हळूहळू मोठं होतं. करकचून ब्रेक लागला तर पलंग, गादी आणि खालचं सामान मिळून दीडशे-दोनशे किलो वजन पुढे ड्रायव्हरच्या पाठीकडे जायला बघतं. ते त्या चार आट्यांच्या भरवशावर सोडणं चुकीचं आहे.

काढलेल्या सीटचे मूळ बोल्ट जिथे होते, तिथे कंपनीने पत्र्याखाली मजबुती दिलेली असते. जमेल तितके पाय तिथेच आणा. बाकीच्या पायांना ८.८ ग्रेडचे (जास्त ताकदीचे) एम-८, म्हणजे ८ मिमी जाडीचे बोल्ट आरपार, खालून ५० बाय ५० ची ५ मिमी प्लेट, आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सहज ढिला न होणारा). ड्रिल लावण्याआधी गाडीखाली वाकून डिझेल टाकी, ब्रेकच्या नळ्या आणि वायरिंग कुठून गेलंय ते बघा. भोकाच्या कडेला प्रायमर, वर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट. फ्लोअरवर प्लाय असेल तर बोल्टभोवती लोखंडी बुश, म्हणजे छोटी नळी घाला. नाहीतर लाकूड दबतं, मे महिन्यात सुकून आक्रसतं, आणि घट्ट केलेला बोल्ट आपोआप ढिला होतो. पहिल्या २०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा आणि नटावर रंगाची रेघ ओढा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की तो नट फिरला आहे.

पायांमध्ये तिरपी पट्टीही नाही. लांबीच्या दोन्ही बाजूंना २५ बाय ३ ची एकेक तिरपी पट्टी हवी. आत्ता पलंगाचं वरचं टोक हाताने ढकललं तर पुढे-मागे हलल्याचं जाणवतं.

प्लाय १८ मिमीचा आहे, ‘वॉटरप्रूफ’ सांगून दिलेला, पण शिक्का आयएस ३०३ (साध्या प्लायचं भारतीय मानक) आणि एमआर, म्हणजे ओलसरपणा सोसणाऱ्या ग्रेडचा. एमआरचा गोंद दमट हवा सोसतो, पाणी सोसत नाही. पट्ट्या ३१७ मिमीवर असताना आयएस ७१० चा, म्हणजे पाणी सोसणारा मरीन, १२ मिमी प्लाय पुरतो आणि आठ-दहा किलो वजन वाचतं. लकडगंजच्या टिंबर मार्केटमध्ये घेताना बोलण्यावर जाऊ नका, शीटवरचा शिक्का वाचा. प्लायमध्ये हवा खेळायला ३५ मिमीची भोकं साधारण १५० मिमी अंतरावर पाडा. डिसेंबरात रात्री गारठा पडतो, बंद गाडीत श्वासाची वाफ गादीखाली थंड प्लायवर पाणी होऊन बसते आणि महिन्याभरात काळी बुरशी धरते. गादी ४० डेन्सिटीचा (घनमीटरला ४० किलो) फोम, चार इंच. वजन दहा किलोंच्या आत राहतं. कापसाची गादी घरी कितीही सुखाची असली तरी इथे नको. जड असते आणि ओल धरते.

वरचा प्लाय हेच खालच्या सामानाचं झाकण; ते उचलायला दोन गॅस स्ट्रट (आत दाबलेला वायू असलेले दांडे) दिले आहेत. हिवाळ्यात छान चालतात. पण स्ट्रटचा जोर २० अंशांना मोजलेला असतो. उन्हाळ्यात बंद गाडीचं आतलं तापमान ६० ला गेलं की जोर तेरा-चौदा टक्क्यांनी वाढतो, आणि गादी काढलेली असेल तर झाकण चालत्या गाडीत आपोआप उघडू शकतं. बाहेरून लागणारी एक कडी बसवून घ्या. प्लाय आणि लोखंड यांच्यामध्ये ३ मिमीची रबर पट्टी चिकटवली की करकर थांबते.

सीट काढल्याने आरसीवरची आसनसंख्या बदलते आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरटीओची परवानगी लागते. काम सुरू करण्याआधी गाडी एमएच-३१, ४० की ४९ ची आहे ते पाहून त्या कार्यालयात विचारून या.

वर्कशॉप पट्ट्यांचं माप बदलून द्यायला तयार आहे, तिरप्या पट्ट्याही लावून देतात. मात्र हे सगळं पावडर कोटिंगच्या (भट्टीत भाजून चढवलेल्या रंगाच्या) आधी सांगावं लागतं. कोटिंगनंतर केलेल्या वेल्डभोवती थर जळतो, आणि पहिल्या पावसाळ्यात गंज तिथूनच चढतो.