‘३० एक्स’ लिहिलेलं दिव्याचं भिंग : मुंगीची राणी ओळखायला कितपत कामाचं?

सोनारी सामानाच्या दुकानात दीड-दोनशे रुपयांना मिळणारं हे घडीचं भिंग. वर ‘३०×२१’ कोरलेलं, काचेशेजारी बारीक दिवा. वळिवाचा पाऊस झाला की बेळगावातल्या टिळकवाडीपासून खानापूरपर्यंत अंगणात, न्हाणीत, ट्यूबलाइटखाली पंखवाल्या मुंग्यांचा सडा पडतो. मराठीत मुंगी म्हणा की कन्नडमध्ये इरुवे, त्यातली राणी कोणती हे नुसत्या डोळ्यांनी सांगणं अवघड. भिंग त्यातलं निम्मं-अधिक काम करतं.

आधी आकड्याचं. ३० पट ही थाप आहे. भिंगाची ताकद काढायला २५० मिलिमीटरला केंद्रांतराने (ज्या अंतरावर वस्तू स्पष्ट दिसते त्याने) भागतात. खरंच ३० पट असतं, तर मुंगी काचेपासून जेमतेम ८ मिमीवर धरावी लागली असती. इथे चित्र स्पष्ट होतं ते २५ मिमीच्या आसपास, म्हणजे ताकद १० पट. ही थाप पथ्यावरच पडते, कारण ३० पटीत चालती मुंगी काचेखाली सापडणारच नाही.

भिंग डोळ्याजवळ न्यायचं आणि मुंगी भिंगाजवळ आणायची. मुंगीवर भिंग धरून दुरून वाकून पाहिलं तर काही दिसत नाही, आणि बहुतेकांची तक्रार तिथेच सुरू होते. काचेच्या नळीत मुंगी वाकडीतिकडी दिसते. सपाट झाकणाची, अंगठीची पारदर्शक डबी बरी. डबी २-३ मिनिटं फ्रिजमध्ये ठेवली (फ्रीझरमध्ये नाही) की मुंगी मंदावते. खाली आलेखाचा कागद ठेवला की लांबीही कळते.

दिवा मात्र त्रासाचा. काळ्या तुकतुकीत पोटावर त्याचा पांढरा ठिपका उमटतो आणि नेमकं बघायचं तेच झाकलं जातं. दिव्यावर ट्रेसिंग पेपरचा तुकडा चिकटवा, नाहीतर दिवा बंद करून खिडकीशी बसा.

आता दिसतं काय? वाळवी लगेच वेगळी पडते : मण्यांच्या माळेसारख्या सरळ मिशा, जाड कंबर, चारही पंख सारखे. मुंगीची मिशी कोपरात वाकलेली, कंबर बारीक, पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे. पंख गळाले असतील तर छातीच्या बाजूला त्यांचे खुंट दिसतात. या खुणेसाठीच हे भिंग घ्यावं. काळ्या मुंगळ्यात मोठ्या डोक्याच्या कामकरणीलाच सर्रास राणी समजतात. राणीची छाती फुगीर, पाठ वेगवेगळ्या तुकड्यांची, आणि डोक्यावर तीन साधे डोळे टिकल्यांसारखे. कामकरणीत हे काही नसतं. दिव्याला येणारा तपकिरी, गांधीलमाशीसारखा जाडजूड प्राणी बहुधा डोरायलस नावाच्या मुंगीचा नर असतो. त्या जातीची राणी उडतच नाही.

कंबरेच्या गाठी १० पटीत मोजता येतात. मुंगळ्याला एक, तांबड्या आगमुंगीला (सोलेनॉप्सिस जेमिनाटा) दोन. ही दुसरी डंख मारते, तेव्हा हातावर घेऊन बघू नका. दोनच गाठींच्या फायडोले नावाच्या मुंगीला बहुधा छातीच्या मागच्या टोकावर काट्यांची जोडी असते, सोलेनॉप्सिसला नसते. पण ४-५ मिमीच्या राणीत ते काटे या भिंगात असले-नसले होतात. मिशीचे खंड मोजण्याचा तर नादच सोडा. आत एकच काच असल्याने कडेला चित्र वाकतं, रंगांची झालर येते. तेवढ्यासाठी तीन काचा जोडलेलं, खऱ्या १० पटीचं भिंग लागतं आणि त्याला पैसे बरेच जास्त पडतात.

मुंगळ्यासारख्या मोठ्या जातींपुरतं हवं असेल तर हे जरूर घ्या, बारीक जातींसाठी नको. दुकानातच फूटपट्टीच्या रेघा पाहून घ्या : मधल्या ८-१० रेघा सरळ आणि काळ्या दिसल्या तर ठीक, मधोमधच निळी-पिवळी किनार दिसली तर दुसरा नग मागा. घडीचा स्क्रूही हलवून पाहा. तो ढिला असेल तर काच मुंगीसमोर स्थिर राहत नाही.