डोळे चांगले असताना मला रंगांधळा ठरवलं आणि १३,८०० रुपये घेतले

ड्रायव्हर भावांनो, आणि ज्यांच्या घरातलं कुणी गाडीवर आहे त्यांनीही, हे वाचा. लिहायला मला लाज वाटते. दोन महिने बायकोलासुद्धा पूर्ण आकडा सांगितला नव्हता. पण मागच्या आठवड्यात जालन्याकडच्या एका ड्रायव्हरनं लोडिंगच्या रांगेत मला विचारलं, "ते रंगाचं सर्टिफिकेट कुठं काढून देतात हो?" तेव्हा कळलं की ही टोळी अजून फिरतेय. म्हणून लिहितोय.

मी मराठवाड्यातला. २२ वर्षं हेवी चालवतोय, अजून कुणाला धक्का लागलेला नाही. लातूरहून तूरडाळ भरायची, बार्शी-टेंभुर्णीवरून पुणे-सोलापूर रस्त्याला लागायचं आणि वाशी मार्केटला खाली करायची, हे माझं नेहमीचं काम. माझ्या लायसनची मुदत १८ नोव्हेंबर २०२४ ला संपत होती. आमच्या ट्रान्सपोर्टच्या लायसनला दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं आणि त्यासोबत डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म १-ए लागतो, हे मला माहीत होतं. मी दहावी शिकलोय, अडाणी नाही. हे आधीच सांगतो, कारण पोलीस ठाण्यात मला आधी हेच विचारलं, "शिकलायस किती?"

खरी गोष्ट अशी की मनात भीती आधीच होती. वर्षभरापासून रात्री समोरच्या गाडीचे एलईडी दिवे अंगावर आले की डोळ्यांपुढं पांढरं पसरायचं. लांबचे बोर्ड जवळ आल्याशिवाय वाचता येत नव्हते. आमच्यातल्या एकाला मोतीबिंदूमुळं वर्षभर घरी बसावं लागलं होतं, त्याचं घर कसं चाललं ते मी पाहिलेलं आहे. माझी मुलगी बारावीला. डोळ्यांत नापास झालो तर काय, हा विचार डोक्यात घेऊनच मी ९ ऑक्टोबरला त्या ढाब्यावर उतरलो.

ढाब्याच्या बाजूच्या मोकळ्या जागेत निळा मंडप, पांढरी व्हॅन आणि फलक: "ट्रकचालकांसाठी मोफत नेत्रतपासणी, लायसन मेडिकल जागेवर". संध्याकाळचे साडेसात. आत पांढरा कोट घातलेला पस्तिशीचा माणूस, गळ्यात ओळखपत्र, टेबलावर लॅपटॉप. बोलणं इतकं गोड, "या दादा, बसा, चहा घेतला का?" त्यानं अक्षरांचा तक्ता वाचायला लावला. खालच्या ओळी मला वाचता आल्या नाहीत. मग त्यानं ठिपक्याठिपक्यांची रंगीत पानं असलेलं पुस्तक काढलं. पहिल्या पानावरचा १२ मला स्पष्ट दिसला. मग त्यानं बरीच पानं एकदम उलटली आणि चार पानं एकामागून एक दाखवली. त्यांत मला काहीच दिसेना. नुसते ठिपके.

तो गप्प झाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "दादा, तुम्हाला लाल-हिरवं कळत नाही. आरटीओत गेलात तर कायमचे बाद."

आता जे सांगतो ते नीट वाचा, कारण रात्री झोप लागत नाही ती याच्यामुळं. माझा क्लिनर पोरगा, १९ वर्षांचा, माझ्या खांद्यामागून पुस्तकात बघत होता. तो म्हणाला, "उस्ताद, मला पण काहीच दिसत नाही यात." पोरगं सहज बोललं. त्या कोटवाल्यानं फटकन पुस्तक मिटलं आणि म्हणाला, "मग त्यालाही आहे. पुढं लायसन काढताना त्यालाही आणा, कमी करून देऊ."

मी तिथंच उठायला हवं होतं. एका मंडपात, एका संध्याकाळी, एकाच गाडीवरचे दोघं रंगांधळे कसे निघतील? २२ वर्षं मी सिग्नल बघून गाडी थांबवतोय. मागच्या गाडीवाल्यानं ब्रेक मारल्याचा लाल दिवा मला दिसतो. बायकोनं सांगितलेली हिरवी साडी मी हिरवीच आणतो. यातलं काहीही आठवलं असतं तरी वाचलो असतो. आठवलं नाही. तेव्हा कानात फक्त "कायमचे बाद" हे दोन शब्द घुमत होते. घाबरलेल्या माणसाकडून हिशेब होत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं आणि त्यावरच त्यांचा धंदा चालतो.

पुस्तकातली मेख मला नंतर ग्रामीण रुग्णालयातल्या नेत्रचिकित्सा अधिकारी मॅडमनी दाखवली. ही इशिहारा चाचणी, जपानमधल्या डॉक्टरनं १९१७ मध्ये काढलेली. पहिल्या पानावरचा १२ सगळ्यांना दिसतो, रंगांधळ्यालाही. पण मोठ्या ३८ पानांच्या पुस्तकात मधली चार पानं उलटी असतात. ज्याची नजर रंगाला चांगली त्याला तिथं आकडा दिसतच नाही, आणि ज्याला लाल-हिरव्याचा घोळ आहे त्याला दिसतो. म्हणजे मला काही दिसलं नाही, हाच माझे डोळे चांगले असल्याचा पुरावा होता! पोराचेही चांगले होते. त्या माणसानं नेमकी तीच चार पानं काढली. पुस्तक कसं वापरायचं हे त्याला पुरतं माहीत होतं, आणि ते त्यानं आम्हाला लुटायला वापरलं.

पैसे असे गेले. "रंग दाखवणारा" तांबूस काचेचा चष्मा, ६,८०० रुपये, फोनवरून पाठवले. फॉर्म १-ए चं मेडिकल, २,५०० रोख. लायसन रिन्यू करून घरपोच देण्याचे ४,५००, त्यातले २,००० आगाऊ फोनवरून आणि २,५०० कार्ड हातात आल्यावर रोख. एकूण १३,८००. खरी सरकारी फी शेकड्यांत आहे. ती परिवहनच्या साइटवर स्वतः बघा, कुणाला विचारू नका.

मेडिकल त्यानं तिथंच लॅपटॉपवरून काढून दिलं. डॉक्टरांचा शिक्का त्यावर आधीच होता. डॉक्टर मंडपात नव्हताच. त्यात माझा रक्तगट बी पॉझिटिव्ह लिहिलेला, माझा आहे ओ पॉझिटिव्ह. ओळखखूण लिहिली होती "उजव्या गालावर तीळ". माझ्या गालावर तीळ नाही. मी रक्तगटाचं बोललोही. तो म्हणाला, "ते ऐच्छिक असतं दादा, त्यानं काही अडत नाही." रक्तगटाचा रकाना ऐच्छिक असतो हे खरंच आहे, म्हणून मी गप्प बसलो. तिळाचं विचारलंच नाही. कोऱ्या फॉर्मवर आधीच शिक्का असेल तर कागद तिथंच ठेवा आणि बाहेर पडा.

फॉर्म १-ए मध्ये डोळ्यांबद्दल काय विचारतात ते एकदा तरी वाचून घ्या. नजरेत दोष आहे का, आणि असल्यास तो चष्म्यानं सुधारलाय का. दिवसाच्या चांगल्या उजेडात २५ मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट वाचता येते का. तीव्र रंगांधळेपणा आहे का. रातांधळेपणा आहे का. म्हणजे चष्मा असला तरी चालतो! आणि रंगाचं म्हणाल तर जून २०२० मध्ये केंद्र सरकारनं नियम बदलला. सौम्य आणि मध्यम रंगांधळेपणा असलेल्यालाही लायसन मिळतं, फक्त तीव्र असेल तर नाही. म्हणजे माझ्यात खरंच थोडा दोष असता तरी "कायमचे बाद" हे खोटंच होतं. आणि चांगल्या उजेडात करायची तपासणी रात्री साडेसातला पिवळ्या बल्बखाली कोण करतं? २५ मीटर म्हणजे साधारण ३५ पावलं. उभ्या गाडीपासून दिवसा चालत जा, वळा आणि नंबर वाचा. एवढं तर ढाब्यावर चहा होईपर्यंत होतं.

११ नोव्हेंबरला कार्ड आलं. दिसायला अगदी खरं. जुनं मूळ कार्ड त्यानं "जमा करावं लागतं" म्हणून ठेवून घेतलं होतं. नवं कार्ड डिजिलॉकरमध्ये येतंय का, परिवहनच्या साइटवर मुदत वाढलीय का, हे मी तपासलं नाही. दोन मिनिटांचं काम होतं.

पैशांपेक्षा मोठी गोष्ट पुढं आहे. तो म्हणाला होता, "रेकॉर्डवर चष्मा लिहिलाय, न घालता पकडले गेलात तर लफडं." म्हणून मी ती तांबूस काच रात्रीही लावायचो. डिसेंबरात कुर्डुवाडी ते टेंभुर्णीदरम्यान, पहाटे तीनच्या सुमारास, पुढं उसाची ट्रॉली. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. ट्रॉली मला दिसली ती पोरगं किंचाळल्यावर. ब्रेक लागले, गाडी तिरकी झाली, मधे दोन हात अंतर उरलं. वीस टन माल मागं होता. मॅडमनी नंतर सांगितलं की अशी रंगीत काच प्रकाश खाते, रात्री नजर आणखी कमी करते आणि रंगांधळेपणा काही बरा करत नाही. तो बहुतेक जन्मापासूनच असतो. पुढं वय झाल्यावर रंग ओळखण्यात फरक पडला तर तो डोळ्याचा किंवा नसेचा आजार असू शकतो, त्यासाठी डॉक्टर लागतो. क्लिनर पोरगं त्या रात्री जागं नसतं तर? ट्रॉलीवर ऊसतोड कामगार झोपलेले असते तर? ६,८०० घेऊन त्या माणसानं मला अंधारात ढकललं होतं.

१४ जानेवारी २०२५, संक्रांत. हायवेला गाडी थांबवली, मशीनवर नंबर टाकला तर लायसनची मुदत १८ नोव्हेंबरला संपलेली. मला ५,००० दंड आणि मालकाला वेगळा ५,०००, कारण लायसन नसलेल्याच्या हाती गाडी दिली. मालकानं दोन्ही माझ्या अंगावर टाकले. त्यांचंही चूक नाही. पुढं नवं लायसन होईपर्यंत १७ दिवस घरी. २२,००० पगारातले १२,४६६ कापले. सगळं मिळून ३६,२६६ रुपये.

आणि मग सुरू झाल्या चकरा.

आरटीओच्या खिडकीवर म्हणाले, "बाहेर कुणाला पैसे द्यायला आम्ही सांगितलं होतं का?" कार्ड बनावट आहे एवढं लेखी द्या म्हटलं तर "तसं देता येत नाही". दलालांपासून सावध राहा असा बोर्ड त्याच भिंतीवर आहे, आणि त्याच बोर्डाखाली लॅपटॉप घेऊन बसलेली माणसं मला नावानिशी ओळखायला लागली, इतक्या वेळा मी गेलो. ती त्यांना दिसत नाहीत?

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, तक्रारीचा नंबर मिळाला. पुढं ठाण्यात जा म्हणाले. माझ्या गावच्या ठाण्यात सांगितलं, गुन्हा ढाब्यावर घडला, तिकडं जा. तिकडं गेलो, ८६ किलोमीटर एसटीनं, तर म्हणाले पैसे तू स्वतःच्या हातानं पाठवलेस, हे सायबरचं नाही, गावाकडं जा. पैसे गेलेलं खातं एका किराणा दुकानवाल्या बाईंच्या नावावर. बँक म्हणाली पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणाले बँकेचं स्टेटमेंट आणा. एका हवालदारानं चारचौघांत विचारलं, "रंग कळत नाहीत तर इतकी वर्षं गाडी कशी चालवलीस?" अर्ध्या तासापासून मी त्यालाच सांगत होतो की रंग मला कळतात! दुसऱ्यानं बनावट कार्ड हातात धरून धमकी दिली, "हे जवळ बाळगल्याचा गुन्हा तुझ्यावरच घालतो." फसलेला मी, आणि घाबरायचंही मीच. चार चकरांनंतर हातात आला तो पोहोचचा शिक्का मारलेला साधा अर्ज. एफआयआर नाही.

माझा भाचा वकिलीला आहे. त्यानं सांगितलं की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ म्हणतं, गुन्हा कुठंही घडलेला असो, कुठल्याही ठाण्यानं माहिती नोंदवायची आणि हद्दीच्या ठाण्याकडं पाठवायची. फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेचं ३१८. हे दोन आकडे कागदावर लिहून खिशात ठेवा. मला माहीत असते तर पहिल्याच दिवशी टेबलावर ठेवले असते. आता भाच्यानं पोलीस अधीक्षकांकडं पोस्टानं अर्ज लावलाय.

मेडिकलवर डॉक्टरांचा जो नोंदणी क्रमांक होता, तो महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या साइटवर टाकून पाहिला. तो दुसऱ्याच डॉक्टरांच्या नावावर निघाला. मेडिकल घेण्याआधी हे करायचं, मी नंतर केलं.

खरी तपासणी ग्रामीण रुग्णालयात केसपेपरवर झाली. उजवा डोळा ६/९, डावा ६/१८, चष्मा लावल्यावर दोन्ही ६/६. रंग पूर्ण बरोबर. चष्म्याला १,३५० रुपये लागले, साध्या पांढऱ्या काचेचा. समोरच्या दिव्यांचा त्रासही बराच कमी झाला. मुदत संपून वर्ष झालं नव्हतं म्हणून चाचणी पुन्हा द्यावी लागली नाही. ३१ जानेवारीला परत गाडीवर बसलो.

तो तांबूस चष्मा मी केबिनमध्ये ठेवलाय. ठाण्यात पुरावा म्हणून घेऊन गेलो होतो, कुणी हातात घेतला नाही.

मंडप निळा, व्हॅन पांढरी, सरकतं दार, मागच्या काचेवर डोळ्याचं चित्र. कोटवाल्याच्या डाव्या हाताला कडं आहे, आणि बोलताना दर वाक्याला "दादा" म्हणतो. दिसला तर तपासणीला बसू नका. लांबूनच व्हॅनच्या नंबरप्लेटचा फोटो काढा, मागं ढाबा दिसेल असा, आणि लगेच ११२ ला फोन लावा.