मनातली संख्या ओळखणारी सहा कार्डं: गंमत पक्की, छपाई कच्ची

भाचीसाठी म्हणून घेतली आणि पहिले दोन दिवस मीच हातातून सोडली नाहीत. सहा कार्डं, प्रत्येकावर ३२ संख्या. समोरच्याने १ ते ६३ मधली एक संख्या मनात धरायची आणि ती कुठल्या कुठल्या कार्डांवर आहे तेवढंच सांगायचं. आपण त्या कार्डांवरच्या पहिल्या संख्यांची बेरीज करायची, झालं! पहिल्या संख्या आहेत १, २, ४, ८, १६, ३२. त्यांच्यातून कुठलीही संख्या एकाच प्रकारे बनते. ४१ म्हणजे ३२, ८ आणि १. म्हणून ती त्या तीनच कार्डांवर सापडते. थोडक्यात, समोरचा 'आहे-नाही' म्हणत स्वतःच आपल्याला द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त १ आणि ० वापरून, संख्या सांगत असतो.

भाचीने २७ धरली आणि मी ऐटीत ११ सांगितलं. तिचं हसू थांबेना. शोधलं तर १६ च्या कार्डावर २७ नव्हतीच, २६ दोनदा छापलेली. पेनाने दुरुस्त केली, काय करणार.

सोबतच्या पुस्तिकेत १०८९ ची करामत आहे: तीन अंकी संख्या उलटी करून मोठीतून लहान वजा करा, उत्तर उलटं करून त्यातच मिळवा. पण पहिल्या-शेवटच्या अंकांत फक्त १ चा फरक असला तर वजाबाकी ९९ येते. ती ०९९ अशी मांडली नाही, तर १०८९ ऐवजी १९८ हाती येतात. पुस्तिका याबद्दल गप्प!

पुठ्ठा मात्र जाड, आकडे ठसठशीत. पाचपैकी साडेतीन.